मालिकेत जायचंय? आधी खजुरी बाजारातून एक वही आणा

इंदूरच्या राजेंद्र नगरात मी राहते आणि मालिकांत कामं करते हे आता बऱ्याच जणांना कळलंय, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन आया तरी मुलीला पुढे घालून येतातच. "मावशी, हिला मालिकेत काम करायचंय. जरा सांगा ना कसं जायचं ते." मी चहाचं आधण ठेवते आणि कपाटातून वही काढते. पोरीचा चेहरा उतरतो. तिला वाटलेलं असतं, मी फोटोंचा अल्बम काढणार.

वही लांबोडकी आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणावाले उधारी लिहायला ठेवतात तसली. २००३ साली खजुरी बाजारातून आणली. पहिली नोंद अशी : "शेजारीण. दोन सीन. एक दिवस. ठरले १५००. मिळाले –". त्या रेघेच्या पुढे आजही काही नाही. शेवटची नोंद २०२४ ची. मधल्या एकवीस वर्षांतल्या कामाच्या दिवसांची बेरीज केली तर १,१४३ भरते. म्हणजे वर्षाला चोपन्न दिवस. उरलेले तीनशे अकरा दिवस मी ऑडिशनला, गाडीत, नाहीतर इथेच, पोळ्या लाटत होते. पोरींना मी पहिला प्रश्न विचारते तो हाच : चोपन्न दिवसांचं कळलं, तीनशे अकराचं काय करणार आहेस? बहुतेकींकडे उत्तर नसतं. माझ्याकडेही नव्हतं. ते शोधायला मला सात वर्षं लागली, म्हणून हे लिहून ठेवतेय.

वही कशी आखायची ते आधी सांगते. रकाने आठ : तारीख, कोणाचं काम, भूमिका, किती दिवस, ठरले किती, कापले किती, मिळाले कधी, प्रवासाला गेले किती. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल म्हणतात, पण फोन दर तीन वर्षांनी बदलतो आणि वही तिथेच असते. मालिकेचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात. चैत्रात काम केलं तर आषाढात पैसे, असं मनाशी धरून चला. त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा होऊन येतो. तो गेला असं समजू नका, तुमच्या पॅनवर जमा होतो. वर्षाचं उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल तर रिटर्न भरल्यावर परत मिळतो. पहिली चार वर्षं मी रिटर्नच भरलं नाही. "आपली कमाई ती काय" म्हणून सोडून दिलं, आणि त्या चार वर्षांचा टीडीएस सरकारला दान झाला.

आता तोंडी व्यवहाराची गोष्ट. २००९ मध्ये एका मालिकेत मी अकरा दिवस काम केलं. नाव लिहीत नाही. सगळं फोनवर ठरलेलं, कागद "येतोय, येतोय" म्हणत आलाच नाही. मालिका बंद पडली, ऑफिसचा नंबर लागेना, आणि मी दाखवायला गेले तर माझ्याकडे काय होतं? काहीच नाही. तेव्हापासून फोन ठेवला की लगेच मी मेसेज टाकते, अगदी असा :

"नमस्कार. आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे : भूमिका काकूची. दिवसाचे अमुक रुपये, शिफ्ट बारा तासांची. महिन्याला किमान आठ दिवस. पैसे नव्वद दिवसांनी. प्रवास आणि राहायची सोय तुमच्याकडून. बरोबर आहे ना?"

पलीकडून "हो मॅडम" येतं. त्या दोन शब्दांचा फोटो काढून ठेवायचा. करारपत्र नंतर येईल तेव्हा येईल, तेही सही करण्याआधी पूर्ण वाचायचं. "किमान दिवस" हे शब्द त्यात आहेत का ते आधी बघा. ते नसले तर होतं काय, तुम्ही त्या वाहिनीला बांधलेल्या राहता, दुसरीकडे जाता येत नाही, आणि इकडे महिन्यातून दोन दिवस बोलावतात.

पैशाचं आधी बोलले म्हणून काही आया नाराज होतात. कलेचं बोला म्हणतात. कलेचं बोलू, बसा.

पूर्वी एका मिनिटाच्या ऑडिशनसाठी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मुंबईला जावं लागायचं. आता पहिली चाळणी फोनवरच लागते. मेसेज येतो : "इंट्रो, प्रोफाइल आणि सोबतचा सीन, संध्याकाळी सहापर्यंत." याला सेल्फ टेप म्हणतात, आणि इंदुरात बसून मुंबईतल्या मुलीच्या बरोबरीने उभं राहता येतं ते एवढ्या एकाच ठिकाणी. म्हणून ती नीट करा.

वेळ सकाळी दहाची. नऊच्या आत करायला जाऊ नका. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय याचा मलाही अभिमान आहे, पण कचरागाडी गाणं लावून गल्लीत शिरते तेव्हा तुमच्या रडण्याच्या सीनचं काय होतं ते मी भोगलंय. मुलगा वारल्याची बातमी ऐकून मी भिंतीला टेकले, अश्रू अगदी वेळेवर आले, आणि मागून गाडी वाजत गेली. ती टेप यजमानांनी जपून ठेवलीय, दिवाळीत पाहुण्यांना दाखवतात.

दहा वाजता खिडकीतून उजेड चांगला येतो. तोंड खिडकीकडे करा. खिडकी पाठीमागे ठेवली की चेहरा काळा पडतो. मागे साधी भिंत हवी, फिकट निळी किंवा राखाडी असली तर उत्तम. कॅलेंडर, देवाचा फोटो, मुलाची सर्टिफिकिटं काढून ठेवा. भिंतीला चिकटून उभ्या राहू नका, दोन फूट पुढे या, म्हणजे सावली पडत नाही. फोन आडवा आणि डोळ्यांच्या उंचीला. स्टँड नसेल तर शिलाई मशीनवर डबे रचा, मी अजून तेच करते. छातीपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत दिसलं पाहिजे. पंखा बंद, फ्रिजचा आवाज येत असेल तर तेवढ्यापुरता तोही बंद (आणि नंतर सुरू करायची आठवण ठेवा, माझं एकदा दीड किलो दही गेलंय). खोली घुमत असेल तर कॅमेऱ्याच्या मागे दोन गोधड्या टांगा.

इंट्रोमध्ये नाव, वय, उंची, गाव, कोणत्या भाषा येतात, सध्या काय करता, एवढंच. हसून सांगा, पण हवाईसुंदरीसारखं नको. मग उजवीकडे वळा, डावीकडे वळा, हात पुढे-मागे करून दाखवा. फिल्टर लावू नका. फिल्टर लावलेली टेप उघडली तशीच बंद होते.

सीनमध्ये समोरच्याची वाक्यं वाचायला कोणीतरी लागतं. त्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं राहायचं आणि तुमच्यापेक्षा हळू बोलायचं. तुमची नजर त्याच्याकडे, भिंगाकडे नाही. आमच्याकडे हे काम यजमान करतात. ते बँकेतून निवृत्त झालेत. "तू मला फसवलंस, शारदा" हे वाक्य ते थकीत हप्त्याची नोटीस वाचावी तसं वाचतात. सुरुवातीला मी चिडायचे. मग लक्षात आलं, पुढचा भावना ओतायला लागला की आपण त्याच्याच मागे जातो. कोरडा वाचक मिळाला तर सोडू नका.

टेक तीनच करा. चौथ्यानंतर चेहरा शाळेच्या स्नेहसंमेलनासारखा व्हायला लागतो. फाइलला नाव द्या, भूमिका आणि गाव लिहा, आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र फाटतं. पाठवली की विसरा. उत्तर बहुतेक वेळा येत नाही. आलं तर "नॉट फिट" असतं, आणि त्याचा अर्थ फक्त एवढाच की हिरोच्या आईपेक्षा तुम्ही उंच निघालात किंवा नाक हिरोशी जुळलं नाही.

वयाचं खोटं सांगू नका हे सगळेच सांगतात. मी पुढचं सांगते : स्वतःचं वय आणि भूमिकेचं वय यांचं नातं मनातून तोडा. रीमा लागू १९५८ च्या, सलमान खान १९६५ चा, आपल्या इंदुरातच जन्मलेला. १९८९ मध्ये 'मैंने प्यार किया' आला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या आणि त्याच्या आई झाल्या. साडेसात वर्षांचं अंतर! पुढे त्यांनी पडद्यावरच्या आयांचं रडकं रूपच बदललं, आणि मग 'तू तू मैं मैं'मध्ये सासू होऊन असं हसवलं की कुणाला त्यांचं खरं वय विचारायची गरज पडली नाही. मी छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा आजी झाले. केसांना पांढरं लावताना मेकअप दादा बिचारा माफी मागत होता. त्या आजीने मला एकशे ऐंशी दिवस काम दिलं.

भाषेवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे आपल्या मुली नेमक्या मार खातात. आपण इंदूरचे मराठी लोक घरात मराठी बोलतो, पण ते मराठी हिंदीच्या अंगणात वाढलेलं. २००४ मध्ये अंधेरीत एका ऑडिशनला मला सांगितलं, थोडं पदरचं बोला. मी म्हटलं, "या ना, मी तुमचीच वाट पाहून राहिले होते." कॅमेऱ्यामागचा मुलगा फिस्सकन हसला. "नागपूरच्या का?" म्हटलं, इंदूरची. तो म्हणाला, सीन कोथरूडमधला आहे.

घरी आल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या हिंदी वळणाच्या बोलण्याची यादी सुरू केली. करून राहिले. माझ्याशी नाही होणार. त्याच्याशी विचारून घे. जेवण खाल्लं. आईशी फोनवर बोलताना रेकॉर्ड लावून ठेवायचे आणि नंतर ऐकायचे. तुम्हीही तेच करा, आठ दिवसांत पान भरेल. उच्चारांसाठी एकच शब्द देते : चिंच. त्यात पहिला च चार-मधला आणि दुसरा चूल-मधला. हिंदी शाळेत शिकलेल्या मुली दोन्ही सारखेच म्हणतात. तसंच जीव आणि जागा. जागामधला ज दातांशी घासून यायला हवा. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा, अर्थ कळला नाही तरी चालेल, जीभ वळते.

पण ते शेवटचं पान फाडू नका. २०१५ मध्ये एका मालिकेत इंदूरची विहीण हवी होती. पुण्या-मुंबईच्या चार जणींनी इंदुरी ढंगात "भिया, भिया" करून बघितलं. मी माझं पान उघडलं आणि सरळ वाचलं. चौऱ्याहत्तर दिवस मिळाले.

शिक्षणाचं थोडक्यात. भोपाळला मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे, वर्षभर देता येत असेल तर तिकडे प्रयत्न करा. नसेल जमत तर इथे हौशी नाटकात पडेल ते करा, पडदा ओढा, पण तालमीला रोज जा. नाटक नीट बघायची सवय इथल्या सानंद संस्थेच्या प्रयोगांनी इंदूरकरांना लावलीच आहे, तेव्हा बघताना एका पात्रावरच नजर ठेवा, विशेषतः ते बोलत नसतं तेव्हा. आवाजासाठी मला आकाशवाणीचा फायदा झाला. मालवा हाऊसमध्ये नभोनाट्यात कागद न वाजवता पान कसं उलटायचं ते शिकले, आणि श्वास कुठे घ्यायचा तेही.

"लोक काय म्हणतील" असं अजून म्हणणाऱ्या आयांना मी ग्वाल्हेरच्या वनमालाबाईंची आठवण देते. ग्वाल्हेर संस्थानातल्या बड्या घरची, पदवीधर मुलगी १९४१ मध्ये 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर उभी राहिली, आणि १९५३ मध्ये श्यामची आई झाली. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याच चित्रपटाला मिळालं. लोक काय म्हणायचे ते तेव्हा म्हणून झालेलं आहे.

मुंबईला लगेच बिऱ्हाड हलवू नका. टेपवरून तीनदा बोलावणं आलं की मग विचार करा. तोवर अवंतिका आहेच, संध्याकाळी बसलं की पहाटे बोरिवली. ऑडिशनची बरीचशी ऑफिसं वर्सोव्यात, आराम नगरच्या गल्ल्यांत आहेत, पण मराठी मालिकांचे सेट तिथे नसतात. ते ठाण्याला घोडबंदर रोडवर, नायगावला, नाहीतर थेट साताऱ्याला किंवा कोल्हापूरला. म्हणून अंधेरीतच खोली हवी हा हट्ट सोडा. सहा महिन्यांचं भाडं हातात ठेवूनच जा, ते नव्वद दिवसांचं गणित विसरू नका.

आणि काम द्यायला कोणी पैसे मागितले की उठून या. रजिस्ट्रेशन म्हणोत, कार्ड म्हणोत, पोर्टफोलिओ म्हणोत. मी २००३ मध्ये एका ऑफिसात आठ हजार दिले, बांगडी मोडून. त्यांनी माझे अठ्ठावीस फोटो काढले, सगळ्यांत हनुवटीखाली हात. ऑडिशन दिवसा आणि ऑफिसात. घरी कोणाला तरी पत्ता कळवून जायचं. रात्री हॉटेलच्या खोलीत कथा ऐकवणाऱ्याची कथा ऐकायची नाही. यात मध्यम मार्ग नाही.

सेटवर जाताना पिशवीत सुई-दोरा, डझनभर सेफ्टी पिना, अंगाच्या रंगाचं अंतर्वस्त्र, स्वतःची पाण्याची बाटली आणि दोन साड्या ठेवा. साड्या बारीक चौकटीच्या नकोत, कॅमेऱ्यात त्या थरथरतात. सीन हातात सेटवरच पडतो, कधी कधी मेकअप चालू असताना. पाठांतराची सवय हवीच, पण त्याहून कंटिन्युइटीची हवी. म्हणजे काय ते मला बासुंदीने शिकवलं.

पाडव्याच्या पंगतीचा सीन होता. आधी मास्टर घेतात, म्हणजे सगळे एकत्र दिसतात तो लांबचा शॉट. मला वाटलं, नैसर्गिक करावं. सुनेला टोमणा मारता मारता मी वाटी तोंडाला लावली आणि निम्मी संपवली. दिग्दर्शक खूश. मग माझा क्लोज, मग सुनेच्या खांद्यावरून, मग माझ्या खांद्यावरून, मग सासऱ्यांचा, ज्यात माझा हात दिसतो. प्रत्येक वेळी त्याच शब्दाला तीच वाटी उजव्या हाताने उचलून तेवढीच प्यायची! सात वाट्या झाल्या. बासुंदी तरी कसली, कस्टर्ड पावडर आणि कोमट दूध. सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या रबडीवर वाढलेली जीभ माझी, तिने तो सूड लक्षात ठेवला. आता मी मास्टरमध्ये वाटी फक्त हातात धरते आणि चमचा फिरवते. बोलणारी बाई तसंही खात नाही.

तुमचा ट्रॅक, म्हणजे गोष्टीतला तुमचा भाग, संपतोय हे तुम्हाला कोणी समोर बसवून सांगणार नाही. गुरुवारी टीआरपी येतो, शुक्रवारी लेखकांची बैठक होते, आणि सोमवारी स्पॉटदादा जरा जास्त प्रेमाने चहा आणून देतो. माझ्या वहीत नऊ वेळा "मुलाकडे परदेशी गेली" आहे आणि चार वेळा "वारली". वारण्याआधी एक गोष्ट लिहून घ्या : फोटोचं काय? एका मालिकेत मी हार घालून भिंतीवर तीन महिने होते, सून रोज माझ्यासमोर उभी राहून रडायची, पण मला त्याचा रुपया मिळाला नाही. पुढच्या वेळी मी मेसेजमध्ये ओळ घातली, "मृत्यूनंतर फोटो वापरल्यास मानधन वेगळं." पलीकडचा मुलगा खूप हसला, पण "हो मॅडम" लिहिलं त्याने.

राहिले ते तीनशे अकरा दिवस. रीमाताईंनीही कितीतरी वर्षं बँकेची नोकरी सांभाळून कामं केली होती हे मला उशिरा कळलं, आधी कळलं असतं तर मी माझी शाळेतली नोकरी अशी तडकाफडकी सोडली नसती. आता मी दहावीच्या मुलांना संस्कृत शिकवते, जाहिरातींना आवाज देते (त्यालाही वेगळं पान आहे), आणि महेश्वरला शूटिंग आलं की स्थानिक कलाकार गोळा करणाऱ्या मंडळींना फोन करते. तिथे एक दिवसाचं काम असतं, घाटावरची बाई, नर्स, मास्तरीण. लहान म्हणून नाक मुरडू नका. मोठ्या कॅमेऱ्यासमोरचे दीड मिनिट पुढच्या टेपसोबत जोडता येतं. जे काही कराल ते असं असावं की उद्या सकाळचा कॉल टाइम आला तर आज रात्री सोडून निघता येईल.

परवा समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी आली होती, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची. नर्सच्या भूमिकेसाठी टेप पाठवायची होती. शिलाई मशीनवर डबे रचले, यजमानांनी नोटीस वाचली, तिसरा टेक चांगला झाला. जाताना तिने पिशवीतून नवी कोरी लाल वही काढून दाखवली, खजुरी बाजारातलीच. रकाने पेन्सिलीने आखले होते. "मिळाले कधी"चा रकाना फार अरुंद होता. तो पुसून मी तिला दुप्पट रुंद आखायला लावला.